हिमाशेजारचा वसंत : चिनी छिनवादन आणि काव्य

चिनी परंपरेत वर्षाचे ऋतू चार आणि त्यांतला पहिला वसंत. चांद्रगणनेने वर्षाचे पहिले तीन महिने वसंताचे असतात, तर सौरगणनेने चोवीस सौरपर्वांपैकी ‘लीचुन’ म्हणजे वसंतारंभ या पर्वापासून, साधारणतः ४ फेब्रुवारीच्या सुमारास, हा ऋतू सुरू होतो. चैत्र-वैशाखाला वसंत मानणाऱ्या मराठी वाचकाला हा आरंभ फारच लवकरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु चिनी नववर्ष बहुधा माघ शुद्ध प्रतिपदेच्या आसपास येते आणि महाराष्ट्रातली वसंतपंचमी त्यानंतर चार-पाच दिवसांतच असते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही पंचांगांना ऋतूची चाहूल एकाच सुमारास लागते असे दिसून येते. फरक हवामानाचा आहे. पीत नदीच्या खोऱ्यात त्या दिवसांत थंडी पुरती ओसरलेली नसते, झाडे उघडी असतात आणि पंचांगात आलेला वसंत डोळ्यांना दिसायला आणखी कित्येक आठवडे जावे लागतात. पंचांगातला वसंत आणि दिसणारा वसंत यांच्यामधल्या या काळाचे चिनी कवींना आणि वादकांना मोठे आकर्षण राहिले आहे. ‘छिन’ या वाद्याच्या संगीतातला वसंत पूर्ण बहरलेला असा क्वचितच भेटतो. तो एक तर हिमाला लागून असतो, नाही तर निरोपाला.

छिन, अथवा आजच्या रूढ नावाने ‘गुछिन’ म्हणजे प्राचीन छिन, हे सुमारे सव्वाशे सेंटिमीटर लांबीचे, अरुंद, पोकळ लाकडी पेटीवर सात तारा आडव्या ताणलेले वाद्य आहे. त्याला पडदे नाहीत आणि तारांखाली सरकत्या घोड्याही नाहीत. उजव्या हाताच्या बोटांनी तार छेडायची आणि डाव्या हाताने ती पृष्ठभागावर दाबून किंवा घासत नेऊन स्वर घडवायचा, अशी वादनाची रीत आहे. त्यामुळे मींड, आंदोलन आणि सूक्ष्म कंप यांना या वाद्यात जे स्थान आहे ते विचित्र वीणा ऐकलेल्या श्रोत्याला चटकन ओळखीचे वाटेल. चिनी परंपरेत याच कुळातली आणखी दोन वाद्ये महत्त्वाची आहेत : ‘से’ हे बहुधा पंचवीस तारांचे, आता जवळजवळ लुप्त झालेले वाद्य, आणि ‘झंग’ किंवा ‘गुझंग’, ज्याच्या प्रत्येक तारेखाली सरकती घोडी असते आणि ज्याचा आवाज भरघोस, मैफलीला साजेसा असतो. छिनचा आवाज त्यांच्या तुलनेत इतका लहान असतो की शेजारच्या खोलीत तो पोचेलच असे नाही. हे वाद्य सभेचे नव्हते, ते अभ्यासिकेचे होते, आणि कन्फ्यूशियसच्या शिकवणीत वाढलेल्या विद्वान अधिकाऱ्याने स्वतःसाठी किंवा एखाद्या मित्रासाठी ते वाजवावे अशी अपेक्षा असे. २००३ साली युनेस्कोने या कलेला मानवाच्या अमूर्त वारशात स्थान दिले, ते मुख्यतः याच दीर्घ विद्वत्परंपरेमुळे.

या वाद्याच्या शरीरातच पंचांग कोरलेले आहे. पृष्ठभागाच्या एका कडेला शिंपल्याच्या तेरा टिकल्या बसवलेल्या असतात. त्यांना ‘ह्वेई’ म्हणतात आणि तारेचे भाग कोठे पडतात हे त्या दाखवतात. जुन्या ग्रंथांनी त्यांतल्या बारा टिकल्यांना बारा महिने मानले आणि उरलेली मधली, आकाराने सर्वांत मोठी टिकली अधिक महिन्याची ठरवली. वाद्याची परंपरागत लांबी तीन फूट सहा इंच पाच रेषा अशा चिनी मापांत सांगितली जाते, आणि ती वर्षाच्या ३६५ दिवसांची खूण मानली जाते. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने टिकल्यांची जागा केवळ तारेच्या गुणोत्तरांनी ठरते, महिन्यांनी नव्हे. पण आपण वाजवतो ते वाद्य म्हणजे एक लहानसे वर्ष आहे, ही समजूत वादकाच्या मनात पिढ्यान्पिढ्या घट्ट बसलेली होती, आणि ऋतुविषयक रचना समजून घेताना ती बाजूला सारून चालत नाही. लाकडाचीही तीच कथा. वरची फळी पाउलोनिया जातीच्या हलक्या लाकडाची आणि खालची कॅटाल्पाच्या कठीण लाकडाची असे, आणि त्यावर झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणात हरणाच्या शिंगाची पूड मिसळून लेप चढवत. ‘काव्यसंहिता’ या प्राचीनतम संग्रहातल्या एका गीतात, पुढे छिन आणि से घडवता याव्यात म्हणून हीच झाडे नव्या राजधानीत लावल्याचा उल्लेख येतो. ‘विधिसंहिते’तल्या मासवर्णनात पाउलोनियाला फुले येणे ही वसंताच्या तिसऱ्या महिन्याची खूण म्हणून नोंदलेली आहे. थांग काळात शू प्रांतातील, म्हणजे आजच्या सिचुआनमधील, लेई घराण्याचे कारागीर सर्वश्रेष्ठ मानले जात आणि त्यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या एका विख्यात छिनचे नाव ‘वसंतातली मेघगर्जना’ असे होते. मार्चच्या आरंभी येणाऱ्या ‘जिंगझ’ या सौरपर्वाला होणाऱ्या गडगडाटाने जमिनीत झोपलेले किडे जागे होतात, असा समज या नावामागे आहे. चित्रकार म्हणून ख्यातनाम असलेल्या सोंग सम्राट ह्वेईझोंगच्या संग्रहात हे वाद्य होते. आज त्या नावाची एकाहून अधिक वाद्ये दाखवली जातात, हे चिनी पुराणवस्तूंच्या इतिहासाला धरूनच आहे.

वसंताला स्वतःचा स्वरही होता. चिनी संगीतशास्त्रातले पाच मूलस्वर गोंग, शांग, ज्युए, झी आणि यू हे पंचतत्त्वे, दिशा आणि ऋतू यांच्याशी जोडलेले आहेत : ज्युए हा काष्ठतत्त्वाचा, पूर्वेचा आणि वसंताचा स्वर, शांग धातूचा, पश्चिमेचा आणि शरदाचा, झी अग्नीचा व ग्रीष्माचा, यू जलाचा व शिशिराचा, तर गोंग मध्यभागी पृथ्वीचा. छिनच्या पहिल्या पाच तारांना हीच नावे असल्यामुळे तिसरी तार ही वसंताची तार ठरते. ‘लिएत्से’ या ताओमतीय ग्रंथात या जुळणीवर रचलेली एक विलक्षण कथा आहे. संगीताचार्य वन हा शिष्य तीन वर्षे शिकूनही एक रचना पुरी करू शकत नाही, आणि गुरू त्याला घरी जायला सांगतो तेव्हा तो म्हणतो की आपले चित्त तारांवर नाही, आपण जे शोधतो ते तारांत नाही. काही काळाने तो परत येतो आणि भर वसंतात शांगची तार छेडतो. एकाएकी गार वारा सुटतो आणि झाडांवर फळे धरतात. शरदात तो ज्युएची तार छेडतो, तेव्हा हळूहळू ऊबदार झुळूक येऊन झाडे फुलतात. ग्रीष्मात यूच्या तारेने हिम पडते आणि शिशिरात झीच्या तारेने गोठलेले पाणी वितळते. या कथेचा रोख सहसा वादकाच्या अद्भुत सामर्थ्याकडे लावला जातो, परंतु तिची खरी गंमत निराळी आहे : वन प्रत्येक वेळी चालू ऋतूच्या विरुद्ध स्वर छेडतो. वसंतात वसंताचा स्वर वाजवण्यात त्याला काही करून दाखवण्याजोगे वाटत नाही. हिंदुस्थानी संगीतातल्या वसंत किंवा बहार रागांप्रमाणे त्या-त्या ऋतूत तो-तो राग गावा असा संकेत छिनच्या परंपरेत रुजला नाही, आणि ऋतुस्वरांची ही सुबक मांडणी प्रत्यक्ष रचनांपेक्षा ग्रंथांतच अधिक नांदली, याचे बीज अशा कथांतही सापडते.

वसंताच्या नावाने सर्वाधिक प्रसिद्धी पावलेली रचना म्हणजे ‘यांगचुन’, उन्हातला किंवा तेजस्वी वसंत. तिचे नाव एकटे घेतलेच जात नाही. ‘यांगचुन’ म्हटले की ‘बायश्वे’, म्हणजे शुभ्र हिम, पाठोपाठ येते. या जोडीचा उगम छू राज्याचा कवी सोंग यू याच्या नावावर असलेल्या एका गद्यसंवादात आहे, जो सहाव्या शतकात श्याओ थोंग या राजपुत्राने सिद्ध केलेल्या ‘वनश्वान’ या साहित्यसंग्रहात जतन झाला. लोक तुझी स्तुती का करत नाहीत, असे राजाने विचारल्यावर सोंग यू उत्तरादाखल यिंग या राजधानीतल्या एका गायकाचा दाखला देतो : त्याने गल्लीबोळांतले गाणे म्हटले तेव्हा हजारो लोकांनी सूर धरला, जरा अवघड गाणे म्हटले तेव्हा शेकड्यांनी, आणि ‘यांगचुन-बायश्वे’ म्हटले तेव्हा साथ करणारे काही दशकांवर आले. तेव्हापासून ही जोडी चिनी भाषेत अभिजात, थोड्यांनाच कळणाऱ्या कलेचे नाव झाली, इतकी की १९४२ साली येनान येथील कला-साहित्यविषयक भाषणांत माओ त्से-तुंगनेही अभिजन आणि जनसामान्य यांच्या कलेचा भेद मांडताना हेच शब्द वापरले. सोंग यूच्या काळची ती गाणी नाहीशी झाली. उरली ती नावे. १४२५ साली मिंग राजपुत्र जू छ्वान याने ‘शनछी मीपू’ ही आज उपलब्ध असलेली छिनच्या स्वरलिपींची सर्वांत जुनी छापील पोथी प्रसिद्ध केली, आणि तिच्यात ‘यांगचुन’ व ‘बायश्वे’ या दोन स्वतंत्र रचना दिल्या. पहिलीचा भाव त्याने सर्व सृष्टीला वसंताची जाणीव होऊन मंद वारा वाहतो असा सांगितला आणि दुसरीचा, थंड निर्मळता आणि बर्फाने लवलेल्या बांबूंचा रत्नांसारखा नाद. या टिपा जेमतेम एखाद्या ओळीच्या आहेत, परंतु श्रोत्याने काय ऐकावे याचे त्यांनी पुढच्या सहा शतकांसाठी दिग्दर्शन केले. (याच नावाची पिपा या वाद्यावरची लोकप्रिय, चपळ रचना अगदी वेगळी आहे, ध्वनिमुद्रणे शोधताना या दोहोंची नेहमी गल्लत होते.)

वसंताला हिमाच्या शेजारी बसवण्यामागे केवळ हवामान नाही. भारतीय काव्यात वसंत हा मदनाचा सखा; त्याच्या येण्याने तपस्व्यांचेही ध्यान ढळते आणि त्यात कवीला संकोच वाटत नाही. चीनमध्येही ‘वसंताचे मन’ म्हणजे प्रेमाची हुरहूर हा अर्थ जुना आहे, आणि छिनलाही ती हुरहूर अपरिचित नव्हती : इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला कवी सिमा श्यांगरू याने एका धनिकाच्या घरी छिन वाजवून त्याच्या विधवा कन्येचे, झ्वो वनजुनचे, मन जिंकले आणि ती त्याच रात्री त्याच्याबरोबर निघून गेली, असे इतिहासकार सिमा छ्येनने नोंदवून ठेवले आहे. परंतु पुढे, इसवी सन ७९ मध्ये दरबारात झालेल्या शास्त्रचर्चेवर आधारलेल्या ‘बाय हू थोंग’ या ग्रंथाने छिनचे कार्यच मुळी वासनांना आवर घालणे आणि माणसाचे मन सरळ करणे हे ठरवून टाकले. ज्या वाद्याकडून संयमाची अपेक्षा आहे त्याने फुलांच्या ऋतूचे काय करावे, हा पेच विद्वानांपुढे उभा राहिला आणि त्यांनी तो बहुधा वसंताला थोडे गारवून सोडवला. ज्याला ते मान्य नव्हते तो कवी ‘से’कडे वळला, असे गमतीने म्हणता येईल. नवव्या शतकातल्या ली शांगयिनची ‘जिन से’ ही कविता पन्नास तारांच्या अलंकृत से-वाद्याने सुरू होते, गेलेल्या यौवनाकडे वळते आणि आपले वसंताचे मन कोकिळकुळातल्या पक्ष्याच्या स्वाधीन करणाऱ्या शू देशच्या राजाची दंतकथा मध्येच आणते. ती शोकगीत आहे, प्रेमकविता आहे की स्वतःच्या कवितांची प्रस्तावना, यावर हजार वर्षे वाद चालू आहे, आणि तो मिटण्याचे काही कारण दिसत नाही.

कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहातला वसंत मात्र कोणत्याही संशयाच्या पलीकडचा आहे. गुरू शिष्यांना विचारतो की तुमची योग्यता ओळखली गेली तर तुम्ही काय कराल. कोणी संकटातले राज्य सावरण्याची भाषा करतो, कोणी प्रजेला सुखी करण्याची, कोणी दरबारी विधीत साहाय्यक होण्याची. त्संग द्यान हा शिष्य एवढा वेळ से वाजवत असतो. पाळी येताच तो वादन मंद करतो, तार एकदा झणत्कारून वाद्य बाजूला ठेवतो, उठून उभा राहतो आणि सांगतो की वसंत सरत आला असता, वसंताची वस्त्रे शिवून झालेली असता, पाच-सहा तरुण आणि सहा-सात मुले यांच्यासह यी नदीत स्नान करावे, पर्जन्यवेदीवर वारा खावा आणि गात घरी यावे. गुरू दीर्घ निःश्वास टाकून आपण द्यानच्याच बाजूचे असल्याचे सांगतो. बाराव्या शतकात तत्त्वज्ञ जू शीने या प्रसंगावर पुष्कळ भाष्य केले आणि त्यात त्याला विश्वाच्या सहज गतीशी एकरूप झालेले मन दिसले. तो अर्थ जरा जड आहे. मूळ प्रसंगात वाद्य खाली ठेवण्याची कृती जितक्या बारकाईने वर्णिली आहे तितकी दुसरी कोणतीच नाही, आणि वसंताविषयी बोलण्यासाठी वाजवणे थांबवावे लागते, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाला अधिक बोलकी वाटावी. इसवी सन ३५३ मध्ये सुलेखनकार वांग शीजीने लानथिंग येथे भरवलेल्या वसंतोत्सवाच्या वृत्तांतातही तारा-बासऱ्यांचा थाट नव्हता, मद्य आणि कविता पुरेशा होत्या, असे आवर्जून म्हटले आहे.

वसंत प्रत्यक्ष वादनात कोठे शिरतो, हे पाहायचे तर बोटांकडे पाहावे लागते. मिंग काळातल्या ‘थायइन दाछ्वानजी’ या मार्गदर्शक ग्रंथात हाताच्या प्रत्येक ठेवणीसाठी दोन चित्रे शेजारी-शेजारी छापलेली आहेत : एकात हात, दुसऱ्यात निसर्गातला एखादा प्रसंग, आणि खाली छोटे पद्य. दरीतून बाहेर पडणारी वसंतातली पिवळी मैना त्यांत आहे, वाऱ्याने दचकून नाचणारा क्रौंच पक्षी आहे, आणि ‘फुलांवर तरंगणारे शुभ्र फुलपाखरू’ ही ठेवण आहे. ही शेवटची ठेवण डाव्या हाताच्या एका खास क्रियेची आहे, जीत बोट तार दाबत नाही, टिकलीच्या नेमक्या जागी क्षणभर टेकते आणि उजव्या हाताचा आघात होताच उचलले जाते. त्यातून तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारासारखा, लहान घंटेसारखा स्वच्छ स्वर निघतो. बोट लवकर उचलले तर स्वर फुटतो, रेंगाळले तर मुका होतो. फुलपाखरू फुलावर बसलेही नाही आणि उडालेही नाही, ही प्रतिमा विद्यार्थ्याला त्या स्पर्शाचे वजन शब्दांपेक्षा लवकर समजावते. डच मुत्सद्दी व अभ्यासक रॉबर्ट व्हान गुलिक यांनी १९४० मध्ये छिनवरच्या आपल्या ग्रंथात या चित्रांकडे पाश्चात्य वाचकांचे लक्ष वेधले. पुढे काही काळ ते दिल्लीतही नेमणुकीवर होते.

‘मेइहुआ सान्नोंग’ म्हणजे प्लमच्या फुलाची तीन आवर्तने, या रचनेत हा स्पर्श सर्वांत ठळकपणे ऐकू येतो. चौथ्या शतकातला सेनानी हुआन यी हा नामांकित बासरीवादक होता. वांग ह्वेईजीने ओळख नसताना केवळ निरोप पाठवला आणि हुआन यीने गाडीतून उतरून तीन धुना वाजवल्या, दोघांत एक शब्दही बोलणे झाले नाही, या आख्यायिकेशी ही रचना जोडली जाते. तीही जू छ्वानच्या १४२५ च्या पोथीत आहे. तिच्या मुख्य धुनेचे पालुपद तारेच्या तीन वेगवेगळ्या भागांत, केवळ हलक्या स्पर्शाच्या स्वरांनी तीनदा वाजवले जाते आणि मधल्या भागांत दाबलेल्या स्वरांची खळबळ येते, जिला टीकाकार फांद्यांना झोडपणारा वारा मानतात. प्लमचे फूल बर्फ असतानाच उमलते. वसंताचा तो दूत आहे, वसंत नव्हे. फुलपाखराच्या स्पर्शाने हिमातले फूल वाजवावे, यातली विसंगती जुन्या ग्रंथकारांनी लपवलेली नाही आणि तिचे स्पष्टीकरणही दिलेले नाही. ऑर्किडचेही तसेच. ‘यौलान’ म्हणजे एकांतातले ऑर्किड ही छिनची आज अस्तित्वात असलेली सर्वांत जुनी लिखित रचना. प्रत्येक बोटाची हालचाल पूर्ण वाक्यांत सांगणारी तिची थांगकालीन हस्तलिखित प्रत जपानमध्ये टिकली. ऑर्किड हे चिनी चित्रकारांच्या मते वसंताचे फूल, पण या रचनेमागच्या परंपरेत ते तणात उगवलेले, कोणी न ओळखलेल्या सज्जनाचे प्रतीक होऊन येते.

निरोपाचा वसंत ‘यांगग्वान सान्दिए’ या रचनेत आहे. मूळ कविता आठव्या शतकातल्या वांग वेईची, चार ओळींची. राजधानी छांगआनहून पश्चिमेकडे निघालेला मित्र वेई नदीपलीकडे वेईछंग येथे रात्र घालवतो; पहाटेच्या पावसाने रस्त्यावरची धूळ बसली आहे, विश्रामगृहाभोवतालच्या विलो वृक्षांना ताजा हिरवा रंग चढला आहे, आणि कवी आणखी एक पेला घेण्याचा आग्रह करतो, कारण तुनह्वांगजवळच्या यांगग्वान खिंडीपलीकडे ओळखीचे कोणी भेटणार नाही. मित्राला जायचे आहे आन्शी येथे, म्हणजे आजच्या शिनच्यांगमधील सरहद्दीवरच्या सैनिकी ठाण्याकडे. वांग वेई स्वतः वादक होता आणि ही कविता थांग काळातच निरोपाचे गाणे बनली. छिनवरची तिची सर्वांत जुनी उपलब्ध स्वरलिपी १४९१ ची आहे. आज सर्वत्र वाजणारी व गायली जाणारी आवृत्ती ‘छिनश्वे रुमन’ या १८६४ च्या पाठ्यपोथीतून आली. तीत मूळ चार ओळी तीन फेऱ्यांत येतात आणि प्रत्येक फेरीत प्रवासाच्या कष्टांचे, पुन्हा न भेटण्याच्या भीतीचे नवे शब्द जोडले जातात. शास्त्रकारांना त्यांत पाल्हाळ वाटला तर नवल नाही. परंतु पाऊस आणि विलो यांचे दोन ओळींतले चित्र प्रत्येक फेरीत पुन्हा पुढे येते तेव्हा हिरवा रंगच दुःखाचे कारण असल्यासारखा ऐकू येतो, आणि तो परिणाम मूळ कवितेत नाही. या एका बाबतीत वादकांनी कवीवर मात केली आहे.

छिनच्या संपूर्ण भांडारात सहाशेहून अधिक रचना उपलब्ध आहेत आणि त्यांत वसंताचे पारडे हलकेच आहे. रानहंस, चंद्र, नदी, एकांत हे तिचे लाडके विषय, आणि ‘शरदातले रानहंस’ ही जू छ्वानच्या पोथीतली सर्वांत दीर्घ रचनांपैकी एक आहे. ज्याला चिनी वसंताचे भरभरून रूप ऐकायचे आहे त्याने गुझंगकडे जावे. ‘वसंतातली नदी, फुले आणि चंद्ररात्र’ ही तिची सुपरिचित रचना थांग कवी झांग रुओशू याच्या दीर्घ कवितेचे नाव धारण करते, जरी ती धून मुळात पिपाची असून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शांघायमध्ये वाद्यवृंदासाठी रचली जाताना तिला ते नाव मिळाले. मग छिनच्या स्वरांत वसंत असतो की श्रोत्याच्या मनात, हा प्रश्न उरतोच. तिसऱ्या शतकातल्या जी खांगने, जो स्वतः थोर वादक होता, ध्वनीत हर्ष किंवा शोक मुळी नसतोच, तो ऐकणाऱ्यात असतो, असा तर्कशुद्ध निबंध लिहिला. कवी सु तोंगपोने अकराव्या शतकात त्यावर खट्याळ प्रश्नांची पुस्ती जोडली : स्वर वाद्यात असेल तर पेटीत ठेवल्यावर तो का वाजत नाही, आणि बोटांत असेल तर बोटांवरच का ऐकू नये? दोघांनीही उत्तर श्रोत्यावर सोडले, आणि हे या परंपरेच्या स्वभावाला धरून आहे.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने ‘यांगचुन’ आणि ‘बायश्वे’ एकामागून एक ऐकावीत, मग वांग वेईची कविता वाचून ‘यांगग्वान सान्दिए’ ऐकावे, आणि ऐकताना एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. छिनच्या लिपीत चिनी अक्षरांचे तुकडे जोडून कोणती तार, कोणते बोट, कोणती टिकली हे सांगितलेले असते. लय आणि स्वराचा काळ सांगितलेला नसतो. जुनी पोथी समोर ठेवून वादकाने महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, लय शोधून रचना पुन्हा उभी करायची, या कामाला ‘दापू’ म्हणतात. ग्वान पिंगहूसारख्या विसाव्या शतकातल्या वादकांनी आणि १९५६ च्या देशव्यापी पाहणीत झा फूशी यांच्या सहकाऱ्यांनी वाचवलेल्या बहुतेक प्राचीन रचना या वाटेनेच आजच्या कानांपर्यंत आल्या आहेत. त्यामुळे दोन वादकांचे ‘यांगचुन’ लांबीत, लयीत आणि भावात एकमेकांपासून दूर गेलेले आढळले, तर एकाला बरोबर आणि दुसऱ्याला चूक ठरवण्याच्या फंदात वाचकाने पडू नये. पोथी दोघांची एकच असते.